वाचणाऱ्याची जागा

मराठीत ‘ग्रंथसंग्रहालय’ आणि ‘वाचनालय’ हे दोन शब्द शेजारी शेजारी नांदत आले आहेत. व्यवहारात आपण ते एकाच अर्थाने वापरतो. ठाण्याला १८९३ साली निघालेल्या संस्थेने पहिला शब्द पत्करला. पुण्यात १८४८ साली आणि कोल्हापुरात १८५० साली स्थापन झालेल्या ग्रंथालयांनी पुढे ‘वाचन मंदिर’ हे नाव धारण केले. या शब्दांतील छटा निव्वळ भाषिक आहे असे मला वाटत नाही. पहिल्या शब्दात पुस्तके आहेत, ती कोणी तरी गोळा केली आहेत आणि ती राखली जात आहेत. दुसऱ्यात कोणी तरी बसून वाचत आहे. वास्तू बांधण्याची वेळ आली की यांपैकी कोणता शब्द नकाशा काढणाऱ्याच्या मनात होता, हे इमारतीत पाऊल टाकताच कळते. गेल्या दीडशे वर्षांत आपल्याकडे उभ्या राहिलेल्या बहुतेक इमारती पहिल्या शब्दाच्या आहेत, आणि त्यांचे मूल्यमापनही आपण बाहेर उभे राहून, म्हणजे दर्शनी भागावरून, करीत आलो आहोत. ते वाचकाच्या बाकावर बसून करावे, असे मला सुचवावयाचे आहे.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आणि त्यावरील राजाबाई मनोरा हे याचे सर्वांना परिचित उदाहरण. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या विख्यात वास्तुशिल्पीने ती वास्तू लंडनमध्ये बसून कल्पिली. तो हिंदुस्थानात कधी आलाच नाही. १८६९ साली सुरू झालेले काम १८७८ साली पुरे झाले. वरच्या मजल्यावरील दालनाचे उंच लाकडी छत, रंगीत काचांच्या खिडक्या, बाहेरचे गोल जिने हे सारे पाहून माणूस स्तिमित होतो, आणि होणे योग्यच आहे. पण स्तिमित होणे वेगळे आणि वाचणे वेगळे. रंगीत काचेतून येणारा प्रकाश वास्तूला शोभा देतो. पानावर मात्र वाचकाला साधा, पांढरा, स्थिर उजेड लागतो. इंग्लंडमधील प्रार्थनामंदिरांची ही परंपरा ज्ञानमंदिराला लावली गेली आणि ‘मंदिर’ हा शब्द आपण जरा अधिकच मनावर घेतला, असे म्हणावेसे वाटते.

आमच्या ग्वाल्हेरकडे वळावे तर महाराज बाड्याचा चौक समोर येतो. भोवतालच्या संस्थानी इमारती निरनिराळ्या शैलींतल्या आहेत आणि त्या मुख्यतः चौकातून पाहण्यासाठी उभारलेल्या आहेत. येथील शासकीय केंद्रीय ग्रंथालयाचा वारसाही त्याच काळातला. या ग्रंथालयात भारतीय संविधानाच्या मूळ प्रतींपैकी एक प्रत जतन केलेली आहे, ही नगराला भूषणावह गोष्ट होय. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास नागरिक ती पाहावयास येतात. ‘पाहावयास’ हेच क्रियापद येथे वापरले पाहिजे. मौल्यवान वस्तूचे दर्शन घडविणे हे ग्रंथालयाचे एक काम आहे खरे, परंतु त्या दिवशी आलेल्या तरुणाला त्याच संविधानाची साधी छापील आवृत्ती घेऊन दोन तास टेकता येईल अशी जागा मिळावी, हे काम त्याहून मोठे आहे.

ही जागेची भूक किती तीव्र आहे हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी उत्तर भारतातील बहुतेक शहरांत गेल्या काही वर्षांत ‘लायब्ररी’ नावाचा एक धंदा उभा राहिला आहे आणि ग्वाल्हेर त्याला अपवाद नाही. एखाद्या इमारतीचे तळघर किंवा वरचा मजला घ्यावयाचा, त्यात प्लायवुडचे आडोसे घालून खुराडी करावयाची, प्रत्येकात एक खुर्ची, एक दिवा आणि मोबाईलसाठी एक विजेचे बटण, वर वातानुकूलन, आणि महिन्याचे भाडे. या लायब्ररीत पुस्तक नसते. ते विद्यार्थ्याने पिशवीतून आणावयाचे. आम्हा ज्येष्ठांना याचे हसू येते. पण हसण्यापूर्वी एवढे लक्षात घ्यावे की खेड्यातून आलेला, एका खोलीत चौघांबरोबर राहणारा तो मुलगा पोटाला चिमटा घेऊन हे भाडे भरतो. आमच्या पिढीने ग्रंथ राखले पण जागा दिली नाही. बाजाराने ती जागा विकावयास काढली आणि ग्रंथ गाळले.

जागा म्हणजे काय, याचा विचार विसाव्या शतकातील ज्या वास्तुशिल्पींनी मुळापासून केला त्यांत लुई कान यांचे नाव अग्रभागी येते. अमेरिकेतील एक्सेटर येथील शाळेसाठी त्यांनी बांधलेले ग्रंथालय १९७२ साली पूर्ण झाले. त्याची मांडणी एका साध्या निरीक्षणावर उभी आहे : माणूस अंधारातल्या कपाटातून पुस्तक उचलतो आणि ते घेऊन उजेडाकडे जातो. म्हणून इमारतीच्या मधल्या कड्यात पुस्तके, आणि बाहेरच्या विटांच्या भिंतीलगत, खिडकीशी, एकेका विद्यार्थ्यापुरते लाकडी मेज. त्या मेजाला स्वतःची लहानशी खिडकी आणि तिला सरकते लाकडी झडप. पाहिजे तर बाहेरचे झाड पाहावे, नको असेल तर झडप ओढून घ्यावी. एवढ्या प्रचंड वास्तूचा आराखडा त्या झडपेपासून सुरू झाला असावा असे वाटते, आणि हीच तिची थोरवी.

मात्र हा पाठ जसाच्या तसा आपल्याकडे उतरवता येत नाही. थंड मुलखात ऊन हा पाहुणा आहे. मे महिन्यातील ग्वाल्हेरमध्ये पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो आणि लू वाहू लागते, तेव्हा उजेडाबरोबर आग आत येते. आपल्याला उजेड हवा पण ऊन नको. कान यांना हे उमगले होते. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या वास्तूंत त्यांनी विटांच्या भिंतींना मोठमोठी गोल व कमानदार भगदाडे ठेवली आणि खरी खिडकी त्यांच्या मागे, खोल सावलीत ढकलली. आणि आपल्याला हे शिकण्यासाठी अहमदाबादला तरी कशाला जावयाचे? ग्वाल्हेरच्या दगडातील जाळी, जी सोळाव्या शतकातील मुहम्मद घौस यांच्या कबरीभोवती आजही उभी आहे, ती उजेड गाळून घेते, वारा आत सोडते आणि ऊन बाहेर ठेवते. हे सारे दाराशी असताना नवी ‘आधुनिक’ ग्रंथालये रस्त्याच्या बाजूला वरपासून खालपर्यंत काच लावून बांधली जातात. मग काचेला पडदा लागतो, पडद्यामुळे अंधार होतो, अंधारामुळे भर दुपारी दिवे लागतात, आणि दिव्यांच्या व काचेच्या उष्णतेवर उपाय म्हणून वातानुकूलन येते. वीज गेली की वाचक घरी.

शाळांच्या बाबतीत येथे एक गमतीदार योगायोग सांगण्यासारखा आहे. सरदारांच्या मुलांसाठी १८९७ साली निघालेली आणि पुढे १९३३ साली सार्वजनिक स्वरूपाची झालेली सिंदिया स्कूल ही शाळा ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर ब्रिटिश फौजेने मागे ठेवलेल्या बराकींत वसली. १८५८ पासून १८८६ पर्यंत किल्ला इंग्रजांकडे होता. गोऱ्या शिपायाने उन्हाळ्यात मरू नये म्हणून त्या काळच्या लष्करी अभियंत्यांनी जाड भिंती, उंच छप्पर, समोरासमोर दारे-खिडक्या आणि भोवती रुंद वरांडा असा बराकींचा घाट बसवला होता. सौंदर्याचा विचार त्यात गौण होता. विचार होता तो माणसाच्या देहाचा. म्हणूनच शिपायांसाठी बांधलेला हा घाट विद्यार्थ्यांना मानवतो, आणि राजवाड्याच्या धर्तीवर बांधलेली कित्येक महाविद्यालये मानवत नाहीत. याच शाळेत कड्याच्या टोकाशी ‘अस्ताचल’ नावाची उघडी जागा आहे. संध्याकाळी मुले तेथे पायऱ्यांवर बसून मौनात सूर्यास्त पाहतात. भिंत नाही, छप्पर नाही, पण कोणी कोठे बसावे हे मात्र काळजीपूर्वक ठरवलेले. वास्तुरचना म्हणतात ती याहून फार वेगळी नसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी मुलांसाठी ‘कुरणशाळा’ चालवली, गुरे चारणाऱ्या मुलांपाशी शाळाच चालत गेली, तेव्हाही हाच विचार होता : आधी मूल कोठे आहे ते पाहावे, मग शाळा मांडावी.

आता एका मराठी वास्तुशिल्पीचे स्मरण करतो, कारण आपल्या नियतकालिकांतून त्यांच्याविषयी फारसे वाचावयास मिळत नाही. अच्युत कानविंदे (१९१६–२००२) हे मूळचे कोकणातील आचऱ्याचे. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिक्षण, नंतर हार्वर्ड येथे वॉल्टर ग्रोपियस यांचे शिष्यत्व, आणि परतल्यावर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेत वास्तुशिल्पी म्हणून सेवा. १९५५ साली त्यांनी शौकत राय यांच्यासह स्वतःचा व्यवसाय उभारला. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा परिसर हे त्यांचे मोठे काम. संस्थेचे पहिले संचालक पुरुषोत्तम काशीनाथ केळकर होते. आज तेथील ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे. गंगेच्या सपाट, तापट प्रदेशात एका मराठी शास्त्रज्ञाने आणि एका मराठी वास्तुशिल्पीने मिळून विद्येचे एक नगर उभारले, ही गोष्ट आपल्या अभिमानगीतांत कोठे येत नाही. असो.

कानविंदे यांच्या या रचनेत काँक्रीटचा सांगाडा उघडा ठेवला आहे आणि मधल्या भिंती विटांच्या आहेत. प्रथमदर्शनी ती रुक्ष वाटते. दर्शनी भागावर जीव टाकणाऱ्याला ती आवडणार नाही. तिचे मर्म चालताना कळते. वर्ग, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय यांना जोडणारे उंचावरचे छायाच्छादित मार्ग आहेत. विद्यार्थी उन्हातान्हात, पावसात एका इमारतीतून दुसरीत सावलीतून जातो, आणि ग्रंथालय या येण्याजाण्याच्या मध्याशी आहे. म्हणजे ग्रंथालयात ‘जावे’ लागत नाही, ते वाटेतच लागते. शासकीय सेवेतील माझ्या अनुभवात शाळेचे ग्रंथालय हे नेहमी वाट संपते तेथे, मुख्याध्यापकांच्या खोलीपलीकडे, आणि बहुधा कुलूपबंद आढळले आहे. एका तालुक्याच्या गावी तर कपाटाची किल्ली ज्या शिक्षकांपाशी होती त्यांची बदली झाल्यानंतर ते कपाट तीन वर्षे उघडलेच नव्हते. पुस्तके उत्तम स्थितीत होती, हे सांगावयास नकोच. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले; त्यांतील पहिलाच नियम ग्रंथ हे वापरण्यासाठी आहेत हा आहे, आणि त्याच्या विवरणात त्यांनी ग्रंथालयाची जागा, वेळ आणि आसने यांचा विचार आवर्जून केला, तो उगाच नव्हे.

कानविंदे यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचीही रचना केली. राहुरी ज्या नगर जिल्ह्यात, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, आहे त्याच जिल्ह्यातील कोपरगावी २०१८ साली एक लहान ग्रंथालय उभे राहिले. उसाच्या पट्ट्यातील शारदा इंग्रजी शाळेच्या आवारातील ‘माया सोमैया ग्रंथालय’ हे ते. मुंबईचे वास्तुशिल्पी समीप पडोरा यांची ही रचना देशोदेशी नावाजली गेली, आणि तिची छायाचित्रे पाहिली की नावाजली का गेली ते कळते. जमिनीतूनच विटांची एक लाट उठावी, ती वर चढावी आणि पुन्हा जमिनीत उतरावी, तसे तिचे छत आहे. आत खांब नाही. मुले बाहेरून त्या छतावर चढतात, पलीकडे उतरतात. खाली दुसरी मुले पुस्तके घेऊन बसलेली असतात.

हे छत कसे उभे राहते हे थोडे समजून घेतले पाहिजे. वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. छताला नेमका असा बाक दिला की त्याचे वजन केवळ दाबाच्या रूपाने जमिनीपर्यंत वाहत जाईल, तर पातळ विटांचे कवचही मोठे अंतर पेलते आणि लोखंड फार लागत नाही. स्पेनमधील कॅटलान गवंड्यांना ही युक्ती शतकानुशतके ठाऊक होती. ते पातळ विटा आडव्या लावून, थरावर थर चढवून कमानी करीत. ग्वास्तविनो नावाचा स्पॅनिश स्थापती १८८१ साली ही विद्या घेऊन अमेरिकेत गेला आणि बोस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाची छते त्याने तशी बांधली. उरुग्वेचे अभियंते एलादिओ दिएस्ते यांनी विटांच्या लाटा विसाव्या शतकात आणखी पुढे नेल्या. कोपरगावच्या छताचा बाक ठरविण्यासाठी ज्यूरिखच्या तंत्रविद्यापीठात विकसित झालेली संगणकीय प्रणाली वापरली गेली आणि विटा लावल्या त्या गवंड्यांच्या हातांनी. असा हा तीन खंडांचा प्रवास उसाच्या मळ्यांत येऊन थांबला.

या वास्तूचा सर्वांत शहाणा निर्णय मात्र छताचा नाही, असे माझे मत आहे. तो आहे जागेचा. शाळेच्या आधीच्या इमारती आणि आवाराची भिंत यांमध्ये एक चिंचोळी पट्टी होती. मुलांचा रोजचा वावर तेथूनच होई. नेमकी तीच पट्टी ग्रंथालयासाठी निवडली गेली. कानपूरला जे सावलीच्या मार्गांनी साधले ते येथे त्या चिंचोळ्या पट्टीने साधले : ग्रंथालय वाटेत आले. दुसरा गुण मापाचा. कवच दोन्ही बाजूंना जमिनीकडे उतरत जाते, म्हणून कडेला उंची कमी होते. जेथे मोठ्या माणसाला वाकावे लागेल तेथे मूल मांडी घालून सुखाने बसते. घरातही मुलांना पलंगाखाली, जिन्याखाली, माळ्यावर वाचावयास आवडते. ही गोष्ट प्रत्येक आजोबाला ठाऊक आहे. वास्तुशास्त्राच्या पुस्तकांत ती क्वचित आढळते.

एवढे म्हटल्यावर आक्षेपही नोंदविला पाहिजे. या वास्तूची कीर्ती तिच्या छायाचित्रांतून पसरली आणि छायाचित्रात दिसते ते छत. परिणामी तिचे अनुकरण करू पाहणारा कोणीही प्रथम छताचेच अनुकरण करणार. जिल्हा परिषदेच्या उपअभियंत्यापाशी ज्यूरिखची प्रणाली नाही, त्याच्या दरपत्रकात असे काम बसत नाही, आणि निविदा भरणारा ठेकेदार पातळ विटांचे कवच रचणारे गवंडी कोठून आणणार? दुसरे असे की विटांची वास्तू देखभाल मागते. अहमदाबादच्या कान यांच्या विटांच्या भिंतींत गाडलेले लोखंड गंजून तडे गेले. २०२० साली तेथील अठरांपैकी चौदा वसतिगृहे पाडण्याचा प्रस्ताव आला, जगभरातून ओरड झाल्यावर तो मागे घेतला गेला आणि २०२२ साली प्रश्न पुन्हा उभा राहिला. त्याच संकुलातील ग्रंथालयाचा मात्र काळजीपूर्वक जीर्णोद्धार झाला आणि त्याला २०१९ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. खासगी न्यासाची शाळा असा खर्च करू शकते. सरकारी शाळेच्या अंदाजपत्रकात दुरुस्तीचे शीर्ष सर्वांत आधी कापले जाते, हे मी फायलींच्या दुसऱ्या बाजूला बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे.

तेव्हा कोपरगावकडून छत न उचलता निर्णय उचलावेत. ग्रंथालय वाटेत ठेवणे, कपाटे मुलाच्या हाताला लागतील एवढीच उंच ठेवणे, बसण्याची जागा ओट्यासारखी बांधून काढणे म्हणजे ती कोणाला उचलून नेता येणार नाही, या गोष्टींना संगणक लागत नाही. कबीर वाजपेयी या वास्तुशिल्पीने युनिसेफच्या साहाय्याने ‘बाला’ या नावाने जी कल्पना राबवली तिचे मोल यातच आहे. दार उघडते तेथे फरशीवर कोन रंगवले, खिडकीच्या गजांना अक्षरांच्या वळणांचे आकार दिले, की गरीब शाळेची साधी खोलीही शिकवू लागते. नमुना-नकाशा तोच, खर्च जवळपास तोच; फरक एवढाच की नकाशा काढणारा काही वेळ जमिनीवर बसला. मध्यप्रदेशात २०२१ पासून ‘सीएम राइज’ आणि २०२५ पासून ‘सांदीपनी विद्यालय’ या नावाने जी मोठमोठी शाळा-संकुले उभी राहत आहेत, त्यांच्याकडे याच दृष्टीने पाहिले जावे. ज्या ऋषींचे नाव त्यांना दिले आहे त्यांच्या आश्रमाला दर्शनी भाग असल्याचे पुराणांत कोठे वर्णन नाही.

आणि शेवटी आपल्या घरचा विषय. महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांपाशी पिढ्यान्‌पिढ्या साठलेली पुस्तके आहेत. ज्यांची मुले मराठी बोलतात पण वाचत नाहीत अशा कुटुंबांसाठी तो शेवटचा धागा आहे. मंडळाकडे थोडा निधी जमला की सभागृह बांधावयाचे ठरते, कारण सभागृह लग्नाकार्याला भाड्याने जाते, आणि हा हिशेब चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. नकाशात ग्रंथालय मात्र जिन्याखाली किंवा रंगमंचामागे जाते. माझी सूचना अगदी व्यावहारिक आहे. सभागृहाच्या प्रवेशाची जी पडवी असते, जेथे लोक चपला काढतात आणि कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत उभे राहतात, ती उत्तरेकडे ठेवावी, तीन हात अधिक रुंद करावी, भिंतीलगत कमरेएवढी उघडी कपाटे आणि समोर दगडी ओटा बांधावा. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो आणि ऊन आत येत नाही. पुस्तके चोरीला जातील, ही शंका कार्यकारिणीत हमखास निघेल. चोरीला जाणारे मराठी पुस्तक ग्वाल्हेरमध्ये कोणी तरी वाचत असेल.